अकरावीच्या पोरांना हरिश्चंद्रगडावर न्यायचंय, पण पिकनिक नकोय. कसं करू?

काळीमाती
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय इथे, थोडं लांबलं तर समजून घ्या.

मी नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवतो. आमच्याकडे सगळा सपाट मुलुख, कापूस आणि ऊस, नजर जाईल तिथपर्यंत डोंगर नाही. गेल्या महिन्यात अकरावीला सह्याद्री शिकवत होतो, फळ्यावर बेसाल्टचे थर काढले, घाटमाथा काढला, पश्चिमेकडे उभा कडा काढला, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की सर तो कडा खरंच असा सरळ उभा असतो का की तुम्ही समजायला सोपं जावं म्हणून तसा काढलाय. मी म्हटलं खरंच असतो. मग सहज विचारलं की कळसुबाई कोणी कोणी पाहिलंय, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर. ५२ पैकी ३ हात वर आले, त्यातले दोघं देवीला गेलेले.

त्या दिवसापासून डोक्यात बसलंय की ह्या पोरांना तिकडे न्यायचंच. प्राचार्यांकडे गेलो, ते म्हणाले डिसेंबरात तीन दिवस देतो, पण सगळी जबाबदारी तुमची. ४० मुलं यायला तयार आहेत, त्यात १८ मुली. एका कंपनीकडून कोटेशन मागवलं तर माणशी ३२०० रुपये, त्यात झिपलाइन, रेन डान्स, रात्री डीजे आणि कॅम्पफायर, आणि गडावर जायचं ते फक्त दुसऱ्या दिवशी "वेळ मिळाल्यास". आमच्या पोरांना ३२०० झेपत नाहीत हा एक भाग, पण पैसे असते तरी मला ते नकोय.

मी स्वतः दहा-बारा गड केलेत पण मित्रांबरोबर, लोकांची पोरं घेऊन कधी गेलेलो नाही. म्हणून मनापासून विचारतोय. हरिश्चंद्रगड बरोबर आहे का की आधी काहीतरी सोपं घ्यावं, मुलींचं कसं करायचं, पालकांना काय सांगायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती नुसती मजा न होता पोरं काहीतरी शिकून येतील ह्यासाठी काय करावं लागतं. बारावीत गेली की सीईटी आणि नीट सुरू होतं, मग त्यांना कोणी कुठे सोडत नाही. हेच एक वर्ष आहे.

घाटवाट
सर, प्रश्न फार चांगला मांडलाय. मी पुण्यात असतो, बावीस वर्षं पोरांना डोंगरात नेतोय, त्यातली जास्त ह्याच वयाची, सोळा-सतरा. तेव्हा मला जे माहितीये ते सांगतो.

पहिलं म्हणजे ४० एकदम नेऊ नका. २०-२० च्या दोन बॅच करा, आठवड्याच्या अंतराने. ४० पोरांची रांग डोंगरात अर्धा किलोमीटर होते, पुढच्याला मागचा दिसत नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते.

हरिश्चंद्रगड चालेल, पण पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेनेच, आणि उतरायचं पण त्याच वाटेने. पहिल्या वेळी अडीच-तीन तास धरा. खिरेश्वरवरून टोलारखिंडीची वाट लांब आहे आणि खिंडीनंतरचा कातळटप्पा नवख्या पोरांचा अंत पाहतो. नळीची वाट तर फार अवघड, तिचं नाव पण त्यांच्यासमोर काढू नका, ह्या वयात एकाने व्हिडिओ पाहिला की सगळ्यांना तीच वाट हवी असते.

रेकी करा. म्हणजे तुम्ही आणि बरोबर येणारे शिक्षक, नोव्हेंबरात एकदा तीच वाट चालून या, कुठे पाणी आहे, कुठे सावली आहे, कुठून पोर खाली आणायचं झालं तर किती वेळ लागेल हे घड्याळ लावून लिहून ठेवा. गडावर मोबाईलच्या रेंजचा भरवसा धरू नका. १०८ ची गाडी कुठपर्यंत येते आणि साप चावल्यावरचं विषउताराचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे स्वतः जाऊन विचारा, फोनवर नको. साप चावलाच तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं नाही, पोराला हलवू न देता उचलून खाली न्यायचं, बस. डोंगरातल्या अपघातांसाठी गिर्यारोहण महासंघाचं रेस्क्यू केंद्र आहे, त्यांचा नंबर प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात कागदावर हवा, मोबाईलमध्ये नाही, कारण मोबाईल बंद पडतो.

चालताना एक वाटाड्या पुढे, गावातलाच घ्या, एक अनुभवी माणूस सगळ्यात शेवटी. पुढच्याच्या पुढे कोणी नाही, शेवटच्याच्या मागे कोणी नाही. मध्ये सात-आठ पोरांमागे एक मोठं माणूस. प्रत्येक थांब्यावर पोरांनीच आपापले आकडे म्हणायचे. आणि निघायच्या आधीच परतीची वेळ ठरवा, ती मोडायची नाही, माथा अर्ध्या तासावर असला तरी नाही.

कोकणकडा, म्हणजे गडाचा पश्चिमेकडचा उभा कडा. तुमच्या त्या मुलीने तो बघायलाच हवा, पण कड्याच्या आधी पंधरा-वीस फुटांवर दोर टाका, दोराच्या पुढे एका वेळी एकच पोर, पोटावर झोपून, मोठ्या माणसाने घोटे धरलेले. उभं राहून फोटो नाही. संध्याकाळी तिथे खालून वर असा वारा येतो की हलकं माणूस डगमगतं. केदारेश्वराच्या गुहेत छातीभर गार पाणी असतं, पोरांना उतरायचं असतं. नको. आधीच सांगून ठेवा, तिथे उभं राहून वाद घालायला लागला की तुम्ही हरता.

आता एक गोष्ट सांगतो जी कुठल्याच फॉर्मवर नसते. काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर एक मुलगा होता, चढाच्या मध्यावर एकदम बसला, ओठ निळसर, श्वास शिट्टीसारखा. दमा होता त्याला, पंप घरी. फॉर्मवर "काही आजार नाही" असं लिहिलेलं. संध्याकाळी बरा झाल्यावर विचारलं तर म्हणाला, लिहिलं असतं तर तुम्ही नेलं नसतं. तेव्हापासून मी फॉर्मवर अवलंबून राहत नाही. प्रत्येक पोराशी एकट्याने बसून पाच मिनिटं बोलतो आणि पहिलं वाक्य हे की तू जे सांगशील त्यावरून तुला वगळणार नाही, तुझी तयारी करणार आहे. दमा, फिट, पाळी, उंचीची भीती, रात्री अंथरूण ओलं होणं, सगळं कळतं. ह्या पाच मिनिटांनी मी जितके अपघात टाळलेत तितके कुठल्या दोराने टाळलेले नाहीत.

कंपनी घ्यायचीच झाली तर २०२१ साली पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्याप्रमाणे नोंदणी झालीये का ते प्रमाणपत्र मागा, आणि प्रत्यक्ष बरोबर येणाऱ्या माणसाने प्रथमोपचाराचा कोर्स केलाय का ते विचारा. ऑफिसात बोलणारा माणूस आणि डोंगरात येणारा माणूस वेगळा असतो.

निवृत्त_मास्तर
मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, रागावू नये.

३१ वर्षं नोकरी केली. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची सहल गेलेली, १४ मुलं बुडाली. त्याच्या आधी जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीत हैदराबादचे इंजिनीअरिंगचे २४ विद्यार्थी वाहून गेले, वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि ती मुलं फोटो काढत पात्रातल्या दगडांवर उभी होती. ह्या बातम्या मी कापून ठेवल्यात.

आणि बातमीत न आलेली एक सांगतो. आमच्याच कॉलेजची सहल, मी बरोबर होतो. धबधब्याखालच्या डोहात एक मुलगा घसरला. मी काठावर उभा, मला पोहता येत नाही. वरच्या अंगाला मासे धरणारा एक गावकरी होता, त्याने उडी मारली आणि केसांना धरून काढला. मुलगा वाचला, आज त्याला दोन मुलं आहेत. पण तो माणूस तिथे नसता तर? त्या मुलाच्या आईची सही असलेलं संमतीपत्र माझ्या पिशवीत होतं. मी त्या कागदाकडे पुढे कितीतरी दिवस बघत बसायचो. सही आईची असते पण पोर आपल्या हातात दिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, मन मोठं आहे तुमचं पण हे शिक्षकाचं काम नाही. ज्याचं काम आहे त्याने करावं.

घाटवाट
मास्तर, रागवायचं काय त्यात. तुम्ही जे सांगितलंत ते ह्या धाग्यावर सगळ्यात आधी यायला हवं होतं.

फक्त एक बघा. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी पाण्याच्या आहेत. आपल्याकडच्या सहलींचा घात बहुतेक वेळा चढात होत नाही, तो पाण्यात होतो, आणि बहुधा ठरवलेल्या कार्यक्रमात नसतोच तो, "आलोच आहोत तर जरा पाय भिजवू" ह्या वेळेत असतो. सगळे दमलेले, शिक्षकांचा चहा चाललेला, कोणी मोजत नसतं. म्हणून मी पोरांना मोकळा वेळ देतो पण मोकळी जागा देत नाही. मोकळा वेळ म्हणजे ह्या झाडापासून त्या देवळापर्यंत.

आणि बियासचं म्हणाल तर, कोलाडला कुंडलिकेवर रोज सकाळी राफ्टिंग चालतं ते पण वरच्या वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावरच. पाणी तसंच, तसंच अचानक वाढणारं. पण तिथे ते कधी येणार हे माहीत असतं, अंगात लाइफ जॅकेट असतं, बोटीत शिकलेला माणूस असतो. बियासला त्या पोरांना हेच माहीत नव्हतं की वर धरण आहे आणि त्याला दारं आहेत. माझ्या मते शिकवायचं आहे ते हेच. आज आपण नेलं नाही तर उद्या इंजिनीअरिंगला गेल्यावर हीच पोरं मित्रांच्या बाईकवर धबधब्याला जाणार आहेत, आणि तेव्हा बरोबर ना तुम्ही असाल ना मी.

आई_नाशिक
मुलींबद्दल विचारलंत म्हणून लिहितेय. माझी लेक मागच्या वर्षी अकरावीत होती, तिच्या कॉलेजने रतनगड केला, दोन रात्री. मी आधी नाहीच म्हणाले होते.

मग त्यांच्या मॅडमनी फक्त आयांची वेगळी मीटिंग घेतली. बाबा लोक नाहीत, सर लोक नाहीत. त्यात मॅडमनी सरळ बोलायला सुरुवात केली की वीस मुलींमध्ये तीन दिवसांत चार-पाच जणींना पाळी येणार हे धरूनच चालायचं, ती अडचण नाही, त्याची तयारी आहे. प्रत्येकीकडे कागदी पिशवी आणि झिपवाली पिशवी, वापरलेलं सगळं त्यात परत आणायचं, गडावर टाकायचं नाही, पुरायचंही नाही. आडोशासाठी एक तंबू वेगळा, रात्री जायचं झालं तर दोघींनी, आणि मॅडमना उठवायला लाजायचं नाही. गोळ्या कोणाला कुठल्या चालतात त्याची यादी आयांकडून. अर्ध्या तासात माझी सगळी भीती गेली कारण जे मी मनात धरून बसले होते ते सगळं त्या बाईने आधीच मोठ्याने बोलून टाकलं होतं. तेव्हा सर, बरोबर निदान दोन बायका हव्यात, आणि त्या नुसत्या सोबत म्हणून नकोत, चालणाऱ्या हव्यात.

लेक आल्यावर काय फरक पडला विचाराल तर अभ्यास वगैरे तसाच आहे. पण दिवाळीनंतर आम्ही सप्तशृंगीला गेलो होतो, पायऱ्यांवर हे आणि धाकटा भराभर पुढे, मी आणि सासूबाई मागे, नेहमीसारखं. तर ही वरून खाली आली आणि बापाला हाक मारून म्हणाली, बाबा थांबा, शेवटचा माणूस आल्याशिवाय निघायचं नसतं. आणि आजी आल्यावर परत आजीला बसू दिलं, कारण पुढच्यांची विश्रांती झालेली असते आणि मागून येणाऱ्याची झालेली नसते, असं म्हणाली. सासूबाई वीस वर्षं आमच्या मागून चालतायत. हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ह्याच्या उलट माझ्या भाच्याचं. त्याच्या कॉलेजने एका कंपनीला दिलं, ११० पोरं आणि चार पोरगे सांभाळायला, झिपलाइनला दोन तास रांग आणि अर्ध्या मिनिटात संपली. तो म्हणतो मजा आली. काय केलं विचारलं तर रांगेत उभं होतो सांगतो.

पाचनईकर
राम राम सर. मी पाचनईचाच. आमच्या घरी ट्रेकची लोकं जेवायला उतरत्यात. मराठी लिहायला जरा चुकल, सांभाळून घ्या.

तुमची पोरं या, आनंद आहे. दोन चार गोष्टी सांगतो. किती माणसं, कधी येणार हे आठ दिवस आधी सांगा आणि एका घरी सगळी नका बसवू, तीन घरात वाटा, म्हंजी वाडीतल्या तिघांना पैसा भेटतो आणि पोरान्ला पण घरातलं माणूस कळतं. अभयारण्य आहे, फॉरेस्टची पावती फाडावी लागती, आणि वर राहायचं का खाली हे फॉरेस्टवाल्याला आधी इचारा, नियम बदलत असत्यात. माझं ऐकाल तर रात्री खाली गावातच ऱ्हावा. डिसेंबरात वर लई गारठा, तुमच्याकडच्या पोरान्ला सवय नसल.

आग्या मोहळं हायेत कड्यान्ला. सेंट मारून येऊ नका, धूर करू नका, खाली उभं ऱ्हाऊन आरडू नका. उठलंच तर कड्याकडं पळायचं नाही, चादर घेऊन पालथं पडायचं. हे पोरान्ला खालीच सांगा, वर सांगून कोण ऐकत नाही.

डिसेंबरच्या सुमाराला आमच्याकडं भाताची झोडणी, मळणी चालू असती. तुमची पोरं शेतकऱ्याची हायेत ना, तर एक दिवस खळ्यावर आणा. कापूस वेचणाऱ्या पोराला भात झोडता येतो का बघू. आन आमच्या अकोल्या तालुक्यातच कोंभाळण्याला बीजमाता राहीबाई पोपेरे हायेत, पद्मश्री भेटलेल्या, त्यांनी गावठी बियाणं सांभाळलंय. जाता येता तिथं थांबता आलं तर बघा.

आणि सर तुम्ही भूगोलाचं शिकवता तर तुम्हाला माहीत असल, आमच्या डोंगराचं पाणी मुळेला जातं. मुळा कोतुळावरून राहुरीकडं धरणाला. तिथून कालवा तुमच्याच अंगाला जातो ना? आम्ही हितं चार महिने पावसात भिजतो आणि उन्हाळ्यात आमच्या बाया हंडा घेऊन फिरत्यात. पाणी सगळं तुमच्याकडं गेलेलं असतं. तुमच्यावर राग नाही. पण पोरान्ला एवढं दाखवा.

काळीमाती
पाचनईकर दादा, तुमचं वाचून मी दहा मिनिटं नुसता बसलो. आमच्या शेताला मुळेच्याच कालव्याचं पाणी आहे. नऊ वर्षं मी मुळा, प्रवरा, गोदावरी हे शिकवतोय, मुळा नेवाशाला प्रवरेला मिळते आणि प्रवरा पुढे टोक्याला गोदावरीला मिळते हे पोरांकडून पाठ करून घेतोय, आणि हे पाणी ज्यांच्या अंगावर पडतं त्यांच्याकडे उन्हाळ्यात काय होतं हे एकदाही बोललेलो नाही. आता सहलीचा धागा हाच धरतो. कालव्यापासून निघायचं आणि पाण्याच्या उलट दिशेने वर जायचं, राहुरीचं धरण, कोतुळ, पाचनई, गड.

बाकीच्यांचं पण वाचतोय, मास्तरांचं विशेष. पाण्यात कोणी उतरणार नाही हे मी आत्ताच लिहून ठेवलंय.

मराठी_लीड्स
खूप उशिरा वाचला धागा. मी इंग्लंडात लीड्सला असते, मुलगी सतरा वर्षांची. इथे ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड म्हणून असतं, १९५६ पासून चालू आहे, शाळेतली पोरं करतात, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. गोल्डला चार दिवस तीन रात्री डोंगरात, चार ते सात जणांचा गट, आणि बरोबर मोठं माणूस नाही. सुपरवायझर लांबून लक्ष ठेवतो, ठरलेल्या ठिकाणी भेटतो, पण वाट दाखवत नाही. तंबू, स्टोव्ह, जेवण सगळं पाठीवर. आधी सरावाची मोहीम करावी लागते, ती झाल्याशिवाय खरी नाही.

मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पोटात गोळा आला होता. पण आत काय चालतं ते जवळून पाहिलं तर कळलं की ती पोरांना वाऱ्यावर सोडत नाहीत, महिनाभर आधीपासून ती पोरं नकाशा घेऊन बसलेली असतात. कुठल्या टप्प्याला किती चढ, किती वेळ, वाट चुकली तर कुठल्या बाजूला उतरायचं, वादळ आलं तर कुठून परत फिरायचं, सगळं त्यांनीच लिहायचं, आणि मग शिक्षक ते तपासून परत पाठवतात की हे चुकलंय, परत करा. सॅक स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जड नको म्हणून माझी लेक स्वयंपाकघरातल्या काट्यावर पोह्याच्या पिशव्या मोजत होती.

दुसऱ्या दिवशी धुक्यात त्यांची वाट चुकली, दोन तास. सुपरवायझर पुढच्या ठिकाणी थांबून होता, उशीर झाल्यावर किती वेळ थांबायचं आणि मग कुठे शोधायचं हे त्याचं ठरलेलं होतं. पोरांनीच शेवटी नकाशावर ओढा शोधला आणि ओढ्यावरून जागा ओळखली. घरी आल्यावर मी विचारलं भीती वाटली का, तर म्हणाली वाटली, पण आमच्यातल्या एकीला जास्त वाटत होती म्हणून आम्ही तिच्याकडे बघत होतो.

सर, तुमच्या पोरांना एकटं सोडा असं मी मुळीच म्हणत नाहीये, आपले कडे वेगळे, जंगल वेगळं, सराव नाही. पण ठरवायचं काम त्यांना द्या. अकरावीच्या भूगोलात अजून टोपोशीट असते ना? त्या नकाशावर समोच्च रेषा असतात, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, चढ उभा तिथे दाटलेल्या? मग त्यावरून चढाचा वेळ त्यांनाच काढू दे. जेवणाचा हिशोब त्यांनाच करू दे, किती तांदूळ, किती डाळ, किती पाणी. प्रत्येक तासाला वेगळं पोर पुढारी, कुठे थांबायचं ते त्याने सांगायचं, तुमचा वाटाड्या नुसता बरोबर चालेल आणि धोका दिसला तरच बोलेल. त्यांनी चुकीच्या जागी जेवायला बसवलं आणि ऊन लागलं तर लागू दे, ती चूक परवडणारी आहे. कड्याची आणि पाण्याची चूक परवडणारी नाही, ती तुमच्याकडे ठेवा. कुठली चूक कोणाकडे ठेवायची एवढं आधी ठरवा, बाकी आपोआप होतं.

निवृत्त_मास्तर
लीड्सच्या ताईंचं शेवटचं पटलं. मी पोरांना कधीच काही ठरवू दिलं नाही. "लाइनीत चला, हात लावू नका." आणि डोहाजवळ ती लाइन मोडली तेव्हा कोणालाच स्वतःचं स्वतः काय करायचं हे माहीत नव्हतं, मलाही नाही.

काळीमाती सर, जाताय तर एक करा. प्रत्येक बॅचमध्ये एक तरी माणूस असा असू द्या की ज्याला "मागे फिरा" म्हणायचा अधिकार आहे आणि त्यावर कोणी, तुम्हीसुद्धा, प्रश्न विचारणार नाही. तुमचा जीव त्या सहलीत अडकलाय म्हणून म्हणतोय. जीव अडकलेल्या माणसाला परत फिरता येत नाही.

काळीमाती
मास्तर, हे केलंच. आमच्या पीटीच्या मॅडम आहेत, कबड्डी खेळलेल्या, एनसीसी केलेल्या, त्या तयार आहेत. त्यांनी म्हटलं परत, की परत. लेखी देतोय तसं प्राचार्यांना.

आता एक अडचण आलीये जी मला आधी सुचलीच नव्हती. २० च्या पहिल्या यादीत ७ पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की गावात नसतात, थेट गुढीपाडव्याच्या आसपास येतात. डिसेंबरात संमतीपत्रावर सही कोण करणार? आणि त्यातल्या तीन मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात, म्हणजे ती तीन दिवस गडावर आली तर भावंडांना कोण बघणार. ती कड्याबद्दल विचारणारी मुलगी ह्या तिघींतलीच आहे. काल मला म्हणाली सर माझं नाव काढा, दुसऱ्या कोणाला न्या.

आई_नाशिक
नाव काढू नका! सहल डिसेंबरात, पण पालकसभा दसऱ्याच्या आत घ्या, ते लोक निघायच्या आधी. सह्या तेव्हाच, आणि नुसत्या सह्या नाही, समोर बसवून सगळं सांगून. त्या आईला म्हणावं तीन दिवस धाकट्यांना कोणाकडे ठेवते ते तूच सांग, तिचं कोणीतरी असेलच गल्लीत. नसेल तर तुमच्या शिक्षिकांपैकी कोणीतरी जबाबदारी घ्या. त्या मुलीसाठी तर सगळं चाललंय ना हे?

घाटवाट
पैशाचं म्हणाल तर, शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, डेपोत कॉलेजचं पत्र द्या. जेवण राहणं गावात. सॅक, कॅरीमॅट, हेडटॉर्च आमच्या ग्रुपकडून २० चा सेट देतो, भाडं नको, धुवून परत द्या. बूट नवीन घेऊ देऊ नका, नवीन बुटाने पहिल्या दिवशीच फोड येतात, रोजचेच जोडे चालतील, फक्त तळ गुळगुळीत झालेला नको. आणि आत्तापासून रोज कालव्याच्या कडेने चालायला लावा, पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन.

रेकीला मी येतो, नोव्हेंबरातला कुठलाही रविवार सांगा.

पाचनईकर
रेकीला आल्यावर जेवायला आमच्याकडंच. त्या पोरीची भावंडं किती मोठी हायेत? चालती असली तर तिन्ही पोरीच्या भावंडान्ला बी आणा, गडावर नको पण गावात आमच्या पोरान्बरोबर ऱ्हातील तीन दिवस. घरात बाया हायेत, लेकरं हायेत, दोन ताटं जास्त.

काळीमाती
दादा, काय बोलू. धाकटा आठ वर्षांचा आहे आणि बहीण अकराची. उद्या तिच्या आईला कॉलेजात बोलावलंय, पीटीच्या मॅडम पण बसतील. आज वर्गात टोपोशीट उघडली, पोरांनी मुळा उलटी शोधत नेली, धरणापासून वर, आणि समोच्च रेषा एकदम दाटल्या तिथे सगळे थांबले. ती मुलगी त्या दाट रेषांवर बोट ठेवून म्हणाली, सर इथे कडा आहे ना. फळ्यावर काहीच काढलं नव्हतं मी.

रेकी नोव्हेंबरचा दुसरा रविवार धरतोय. जाऊन आलो की इथेच लिहितो.